बापटांचा खारा तलाव आणि दौलतरावांची सही

दौलत किसन खिल्लारे या माणसानं सव्वीस वर्षं पाणी तपासलं आणि सव्वीस वर्षं त्याखाली सही केली ती अप्पारावांनी. आता यात अप्पारावांचा दोष होता असंही नाही. ते केमिस्ट, दौलतराव लॅब अटेंडंट. हैदराबादेबाहेर एक मोठा सरकारी कारखाना होता, त्याची वसाहत होती, आणि वसाहतीच्या पाण्याची प्रयोगशाळा म्हणजे टाकीखालची एक खोली. सकाळी सातला दौलतराव काचेच्या नळीत पाणी धरायचे, औषध टाकायचे, रंग बघायचे, कागदावर आकडा लिहायचे. साडेदहाला अप्पाराव यायचे, कॉफी प्यायचे आणि त्या आकड्याखाली अशी झोकदार सही ठोकायचे की बघणाऱ्याला वाटावं, हे पाणी यांनी स्वतः ढगातून उतरवून आणलंय.

पण माणूस दिलदार होता. विद्या मुठीत दाबून ठेवणं त्यांना जमायचं नाही. नमुना कोपरभर खोलातून घ्यायचा, नळी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, उन्हाकडे पाठ करून रंग बघायचा, आणि नळीच्या तोंडावर अंगठा म्हणून ठेवायचा नाही, कारण अंगठ्याचा घाम पाण्यात उतरतो आणि आकडा बिघडतो. हे सगळं त्यांनी दौलतरावांना हाताला धरून शिकवलं. "नीळ्ळु अबद्धं चेप्पवु," असं ते तेलुगूत म्हणायचे. पाणी खोटं बोलत नाही, बोलतो तो बघणारा. आणि क्लोरीनची गुलाबी गोळी आली तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "गोळी टाकली आणि रंग आलाच नाही, तर लगेच शून्य लिहू नकोस दौलत. एक तर क्लोरीन अजिबात नाही, नाहीतर इतका आहे की रंगच खाऊन बसलाय. आधी चांगल्या पाण्यात पातळ करून बघ, मग लिही."

दौलतरावांना हे काम मनापासून आवडायचं. त्यांचे वडील किसन परभणीकडच्या एका खेड्यातले. तिथं विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली की तो वरून पाणी ओतणार, अशी रीत. किसन हैदराबादेत आले ते त्या दहा पावलांना कंटाळून. आणि त्यांचा मुलगा आता चार हजार लोकांचं पाणी प्यायला योग्य की अयोग्य ते ठरवत होता. ठरवत होता खरा, पण कागदावर नाव अप्पारावांचं. दौलतरावांना आयुष्यात एवढंच एक हवं होतं, आपण तपासलेल्या पाण्याखाली आपलं अख्खं नाव. नवस म्हणा, खूळ म्हणा, पण तेवढंच.

पुढे देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून येऊ लागलं. त्याच वाऱ्यानं दौलतरावांच्या कारखान्याचं दार बंद झालं. नव्व्याण्णव साली सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. अप्पाराव विजयवाड्याला मुलाकडे गेले आणि दौलतराव अंबरपेठेतल्या दोन खोल्यांत बसून कॅलेंडराच्या पाठीवर सह्या करू लागले. कधी द ला लांब शेपटी, कधी खि ला गोल पागोटं.

"आवो, रोज सह्या करायलात," भागूबाई म्हणायच्या. "कुणाला जहागीर लिहून द्यायची हाय का?"

"हात मोकळा राहतो," दौलतराव म्हणायचे.

"मग पीठ मळा की. त्यानं बी राहतो."

अशी पाच वर्षं गेली. आणि मग बापटांनी तलाव बांधला.

दिलीप बापट मूळचे पुण्याचे. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे संगणक एकदम वेडे होणार होते, ते थांबवायला ते अमेरिकेला गेले. संगणक वेडे झाले नाहीत. माणसांचं सांगता येत नाही, कारण परत येताना बापट डोक्यात स्विमिंग पूल घेऊन आले. ज्युबिली हिल्सवर खडक फोडून बंगला उठवला, बंगल्यामागे निळ्या फरश्यांचा तलाव, आणि तोही साधा नव्हे, खाऱ्या पाण्याचा! दोन हजार चारचा उन्हाळा. बोअर आटलेले, खालच्या वस्तीत बायका पाण्याच्या बिंदग्या-घागरींवरून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि बापटांच्या दारात ओळीनं अकरा टँकर उभे राहिले. मग त्यात गोण्या गोण्या मीठ ओतलं. समुद्र नसलेल्या गावात हौसेनं पाणी खारं करणारे हे पहिलेच गृहस्थ असतील.

खरी हौस मात्र त्यांच्या पत्नीची, मंगलाबाईंची. मंगलाबाईंचा एक पक्का विश्वास होता की वस्तूचं नाव बदललं की वस्तू बदलते. त्यांच्याकडे मोलकरीण नव्हती, हाउसकीपिंग होतं. रात्रीचा भात सकाळी उरत नसे, लेमन राइस होई. तलावाचं मशीन विकणाऱ्या प्रमोदनं त्यांना सांगितलं होतं, "नो केमिकल, मॅडम. फक्त मीठ. समुद्रासारखं." हे वाक्य मंगलाबाईंनी देव्हाऱ्यात ठेवायचंच काय ते बाकी होतं. "आमच्याकडे क्लोरीन नाही हं. नॅचरल आहे," असं त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. कुरिअरवाल्यालासुद्धा.

पाणी रोज कोण तपासणार, तर प्रमोदनं कुठून तरी दौलतरावांचं नाव काढलं. दौलतराव अंबरपेठेहून दोन बस बदलून आले, तलावाकाठी गुडघ्यावर बसले, शर्टाची बाही वर सारून कोपरभर हात घातला आणि नमुना काढला. पुढ्यात परदेशी पेटी, तिच्यात तीच जुनी गुलाबी गोळी. जुनी ओळख भेटल्यासारखं वाटलं त्यांना. आणि मग मंगलाबाईंनी लाकडी स्टँडवर एक जाडजूड वही आणून ठेवली. तारीख, मीठ, पीएच, क्लोरीन, आणि शेवटचा रकाना, 'टेस्टेड बाय'.

दौलतरावांनी त्या रकान्यावरून बोट फिरवलं. सहीचा रकाना! आणि मध्ये अप्पाराव नाहीत!

"पूर्ण नाव लिहू का मॅडम?"

"कशाला? नुसतं डी. के. लिहा," मंगलाबाई म्हणाल्या. "इंग्लिशमध्ये. प्रोफेशनल दिसतं."

दौलतरावांनी डी. के. लिहिलं. उपाशी माणसानं अर्ध्या भाकरीला नाक मुरडू नये.

पंपाच्या खोलीच्या खिडकीत त्यांच्यासाठी स्टीलचा पेला ठेवला होता, बुडाला लाल रंगाचा ठिपका. "आम्ही जातबीत काही मानत नाही हं, दौलत," मंगलाबाईंनी न विचारता खुलासा केला. "फक्त हायजिन." दौलतरावांनी मान हलवली. असे ठिपके त्यांनी बरेच पाहिले होते. बापाच्या वेळी ठिपका नव्हता, पेलाच नव्हता.

पहिले दोन दिवस तपासण्यात गेलेच नाहीत. तलावाची पूजा-शांत झाली होती. गुरुजींनी पंचामृत, सात नद्यांचं जल आणि वर चांगलं वाटीभर साजूक तूप पाण्यात सोडलं होतं. मंगलाबाईंना प्रसन्न वाटत होतं आणि दौलतराव जाळीला जुनं धोतर बांधून तुपाचा तवंग ओढत होते. तिसऱ्या दिवशी पाणी जागेवर आलं. मशीनच्या खोक्यावर एक बटण होतं, शून्यापासून शंभरपर्यंत. ते त्यांनी चाळीसवर आणून ठेवलं. मशीनचं पुस्तक इंग्रजीत होतं म्हणून बी.एस्सी. झालेल्या मुलीकडून, रेणुकाकडून, वाचून घेतलं होतं. सहाव्या पानावर सरळ लिहिलं होतं की मशीनमधल्या पत्र्यांतून वीज जाते आणि मिठातूनच क्लोरीन तयार होतो. मीठ वरून टाकलं, क्लोरीन आतून निघाला, एवढाच काय तो फरक. खारं पाणी पीएच चढवतं, तेव्हा मधूनमधून थोडं ॲसिड सोडायचं. मंगलाबाईंनी त्या कॅनला 'बॅलन्सर' असं नाव दिलं आणि प्रश्न मिटला.

नळीत पाणी फिकट गुलाबी यायचं. दौलतराव लिहायचे, क्लोरीन दोन. पोहायला उत्तम पाणी. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, कारण ती वही कुणी वाचली नव्हती.

मग एके दिवशी मंगलाबाईंची एक मैत्रीण आली. हातात कोकम सरबत घेऊन वहीची पानं चाळता चाळता ती म्हणाली, "अगं मंगला, इथं तर रोज क्लोरीन दोन लिहिलंय."

झालं! मैत्रीण गेट ओलांडून जाईस्तोवर मंगलाबाईंनी हसू चेहऱ्यावर धरून ठेवलं. मग तरातरा तलावावर आल्या.

"हे काय आहे, दौलत? दोन? आपल्या पाण्यात क्लोरीन आला कुठून?"

"मशीन करतंय मॅडम. मिठातून निघतोय. पाणी साफ राहायला तेवढा लागतोच."

"मशीन मीठ टाकतं. प्रमोदनी मला स्वतः सांगितलंय." मंगलाबाईंचा आवाज चढला. "तुम्ही ब्लीचिंग पावडर टाकता. तुम्हा जुन्या लोकांना सवयच असते ती. खरं सांगा."

दौलतरावांची कानशिलं तापली. सव्वीस वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. "पुस्तकात लिहिलंय मॅडम. पान सहा. साहेबांना विचारा."

दिलीपराव तिथंच वेताच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसले होते. ते इंजिनियर. त्यांना पान सहा तर सोडाच, मागची सर्किटंसुद्धा ठाऊक होती. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दौलतरावांकडे, आणि म्हणाले, "मी एका कॉलवर आहे." फोन टेबलावर बंद पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून पाणी तपासायचं काम चिन्मयकडे गेलं. चिन्मय म्हणजे बापटांचा चौदा वर्षांचा मुलगा. त्याचं मराठी इंग्रजीच्या काठीवर चालायचं. "मला सायन्स प्रोजेक्ट मिळेल ना, मम्मा," तो म्हणाला. दौलतरावांच्या हातात पानं काढायची जाळी आली. वहीतलं डी. के. गेलं आणि तिथं 'सी. बापट' आलं, खाली हसरा चेहरा काढलेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मंगलाबाईंची नजर बटणावर पडली.

"चाळीस? शंभरचं मशीन घेतलंय आणि हे चाळीसवर चालवतात? अर्ध्याहून जास्त मशीन वाया!" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण फिरवून शंभरवर नेलं. घरात एक रव्याचा लाडूसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या माहेरचं वळण. यंत्रालाही त्यांनी तेच लावलं.

"मॅडम, शंभर नक्को. क्लोरीन लई होईल," दौलतराव म्हणाले.

"पुन्हा क्लोरीन! तुमच्या डोक्यातून तो काढा आधी."

त्यानंतर चिन्मयची परीक्षा आली. बारा दिवस तलावात कुणी उतरलं नाही आणि कुणी नळी भरली नाही. मशीन दिवसरात्र शंभरवर घुमत राहिलं. पाणी मात्र असं लख्ख झालं की तळाच्या फरशीची रेघ न् रेघ मोजावी. दौलतराव जाळी घेऊन काठावर वाकले की त्यांचे डोळे चुरचुरायचे. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांना पानं काढायला सांगितलं गेलं.

"मग सोडा की ते काम," भागूबाई म्हणाल्या. "दोन बस बदलून पानं काढायला जायलात. आपल्या लिंबाखाली काय कमी पानं हायत?"

"त्या वहीत माझं नाव लागल आज ना उद्या," दौलतराव म्हणाले.

"लागल! लागल! लग्नाच्या पत्रिकेत लागतंय तसं, 'यांचे स्नेही' म्हणून."

एप्रिलातल्या शेवटच्या रविवारी मंगलाबाईंनी मराठी भगिनी मंडळाला तलावावर बोलावलं. पंचवीस बायका आणि त्यांची बारा-पंधरा पोरं. अध्यक्षा सावित्रीबाई हिमायतनगरहून दोन नातवंडांना घेऊन आल्या होत्या. बाई सत्तरीच्या, चार पिढ्या हैदराबादेतल्या. त्यांच्या मराठीत दखनी मुरलेली होती आणि जिभेला हाड नव्हतं. पोरं आल्या आल्या चड्ड्या घालून काठावर ओळीनं उभी राहिली. पाण्यात उडी कधी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

"दोन मिनिटं थांबा हं बाळांनो," मंगलाबाई म्हणाल्या. "आधी टेस्ट. आमच्याकडे टेस्टशिवाय कुणी उतरत नाही." त्यांना ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं होतं. चिन्मयनं नळी भरली, गोळी टाकली, तोंडावर अंगठा दाबून खळखळ हलवली. आणि उन्हात वर धरली. पाणी काचेसारखं स्वच्छ.

"झीरो!" चिन्मय ओरडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मंगलाबाईंचं तोंड सकाळपासून नुसतं फुललं होतं, ते आता मावेना.

दौलतराव मागे जाळी घेऊन उभे होते. त्यांनी एक गोष्ट पाहिली होती, ती इतर कुणी पाहिली नव्हती. गोळी पडली तेव्हा पाणी क्षणभर गुलाबी झालं होतं. एक झाक आली आणि विरून गेली. अप्पारावांचा आवाज त्यांच्या कानात उभा राहिला. रंगच खाऊन बसलाय.

तेवढ्यात मंगलाबाईंनी त्यांना हाक मारली.

"दौलतराव, या ना पुढे." दौलतराव! आज पहिल्यांदा राव लागलं होतं. "हे आमचे वॉटर एक्स्पर्ट. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे." मग आवाज खाली आणून, "पोराची सही बरी नाही दिसत हो पाहुण्यांपुढे. आज तुम्ही करा. चांगली पूर्ण नावानं करा, मराठीत. मोठ्ठी." आणि त्यांनी स्वतःचं सोनेरी टोपणाचं पेन दौलतरावांच्या हातात दिलं.

वही उघडी होती. क्लोरीनच्या रकान्यात चिन्मयनं काढलेलं गोल शून्य. त्याच्यापुढे रिकामी जागा, पूर्ण नावाला पुरेल एवढी. कॅलेंडरांच्या पाठीवर जिच्यासाठी पाच वर्षं घासली ती जागा ही. कोण बघायला येणार होतं? गोळी शून्य दाखवत होती, मालकीण शून्य म्हणत होती. डोळे चुरचुरले असते पोरांचे, अंगाला खाज सुटली असती, दोन दिवस खोकली असती. बायकांनी उन्हाला बोल लावला असता. त्यांनी पेनचं टोपण काढलं. द ची शेपटी कुठून सुरू करायची तेसुद्धा ठरलं.

मग त्यांनी ओळीत उभ्या पोरांकडे पाहिलं. सावित्रीबाईंचा धाकटा नातू एका पायानं पाणी चाचपत होता.

"पाय काढ बाळा," दौलतराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मॅडम, एक सीलबंद बाटलीचं पाणी द्या."

"आता? तहान नंतर भागवा ना."

"प्यायला नक्को मॅडम. तपासायला."

मंगलाबाई काही बोलायच्या आत सावित्रीबाईंनी आपल्या पिशवीतली न उघडलेली बाटली काढून पुढे केली. त्यांना तमाशा बघायला आवडायचा. दौलतरावांनी जाळी खाली ठेवली, बाही सारली, कोपरभर हात घातला. नळी तीनदा विसळली. मग पेल्यात मापानं एक भाग तलावाचं पाणी घेतलं आणि त्यात नऊ भाग बाटलीचं मिसळलं. लाल ठिपक्याचाच पेला होता, तेवढाच जवळ होता. त्यातून नळी भरली, गोळी टाकली. अंगठा न लावता हलके हलके हलवली आणि उन्हाकडे पाठ करून उभे राहिले.

नळीतलं पाणी गुलाबी झालं. आणि गुलाबीच राहिलं.

"अगो बाई," सावित्रीबाई म्हणाल्या. "चांगलं पाणी टाकल्यावर रंग चढला? हे कैसं?"

"आधी बी रंग होताच बाई. क्लोरीन इतका होता की रंग टिकंना. धा पट पातळ केलं तवा दिसला." दौलतरावांनी नळी पेटीतल्या रंगपट्टीला लावली. "इथं दोन आलंय. म्हणजे तलावात वीस. माणसानं उतरायचं पाणी न्हाई हे."

मंगलाबाईंचा चेहरा नळीतल्या पाण्यापेक्षा लाल झाला. "दिलीप, सांग ना यांना! आपल्याकडे क्लोरीन नाहीये ना?"

सगळ्या मंडळानं वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. दिलीपरावांना या वेळी कॉल आला नाही. त्यांनी घसा खाकरला. "टेक्निकली," ते म्हणाले, "आहे."

दौलतराव वहीवर वाकले. शून्यावर एक आडवी रेघ मारली, पुढे '२०' लिहिलं. त्याच्यापुढे शेरा लिहिला, 'पाण्यात कोणीही उतरू नये.' आणि खाली, सोनेरी टोपणाच्या पेनानं, एकेक अक्षर सावकाश काढत, पूर्ण नाव. दौलत किसन खिल्लारे. शेपटीबिपटी काही जमली नाही. पेन वहीवर ठेवलं, पंपाच्या खोलीत जाऊन बटण शून्यावर आणलं, पिशवी उचलली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. कामावर या असं त्यांना कुणी म्हणणार नव्हतं, आणि म्हणालंही नाही.

घरी आल्यावर भागूबाईंनी विचारलं, "आज लवकर?"

"सही केली," दौलतराव म्हणाले. "पुऱ्या नावानं."

भागूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नोकरी गेली हे त्यांना न सांगता कळलं. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही, शेवयाची खीर केली.

इकडे मंगलाबाईंनी रागाच्या भरात मशीन कायमचंच बंद करून टाकलं. नकोच ते भूत. मे महिन्याचं ऊन आधी क्लोरीन खाऊन गेलं आणि मग पाण्यालाच लागलं. आठवड्यात पाणी मेंदीसारखं झालं. पंधरा दिवसांत त्यात बेडूक आले. हेच खरं नॅचरल, पण मंगलाबाईंना ते आवडलं नाही. प्रमोद येऊन गेला आणि पाणीच खराब आहे असं सांगून गेला. शेवटी एका सकाळी अंबरपेठेच्या गल्लीत बापटांची लांबलचक गाडी अडकली आणि दिलीपराव घाम पुसत दोन खोल्यांच्या दारात उभे राहिले.

भागूबाईंनी खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे केला. दिलीपरावांनी तो हातात घेतला आणि उगाच उजेडाकडे धरून पाहिला.

"प्या की साहेब," भागूबाई म्हणाल्या. "तुमच्या तळ्यातलं न्हाई."

दिलीपराव एका घोटात प्यायले. मग म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, दौलतराव. मला माहीत होतं."

"मला बी माहीत होतं, तुमाला माहीत हाय म्हणून," दौलतराव म्हणाले. मनातला राग त्यांनी तेवढ्या एका वाक्यात काढला. मग अटी सांगितल्या. बटणाला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. नळीत दिसेल तोच आकडा वहीत. आणि खाली पूर्ण नाव, मराठीत, रोज.

पाणी पुन्हा निळं व्हायला अकरा दिवस लागले. मंगलाबाईंनी नवी वही छापून घेतली. त्यात पूर्ण नावाला ऐसपैस रकाना होता आणि क्लोरीनचा रकाना कुठेच नव्हता. त्याजागी सुरेख वळणदार अक्षरांत छापलं होतं, 'समुद्रतत्त्व'.

"आता कितीही लिहा," मंगलाबाई म्हणाल्या.

दौलतरावांनी लिहिलं, समुद्रतत्त्व दोन. पाण्याला नावाशी घेणंदेणं नव्हतं, ते आपलं खरं तेच दाखवत होतं. आणि पाहुण्या बायका वही चाळून म्हणायच्या, "अय्या, समुद्रतत्त्व दोन? आमच्या क्लबच्या तलावात तर शून्यच असेल!"

स्टीलचा पेला खिडकीतच होता. दौलतराव पाणी घरून बाटलीत आणायचे आणि त्या पेल्यात धुतलेल्या नळ्या उपड्या घालायचे.

जूनमध्ये मंडळ पुन्हा आलं. या वेळी बायकाही उतरणार होत्या. त्यासाठी काहींनी गुडघ्याखाली जाणारे पोहण्याचे झगे शिवून घेतले होते. पंचवीस बायका आणि पंधरा पोरं टॉवेल घेऊन तलावापासून दहा पावलांवर उभी होती. पुढे जायला कुणी धजत नव्हतं. मंगलाबाई म्हणाल्या, "चला ना, अगदी नॅचरल आहे." कुणी हललं नाही.

सावित्रीबाईंनी नातवाचा दंड धरून ठेवला होता. "दौलतराव," त्या तिथूनच ओरडल्या, "उतरू का हो आम्ही?"

दौलतराव काठावर बसून नळी तिसऱ्यांदा विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"थांबा जरा तिथंच," ते म्हणाले. "बघतो आणि सांगतो."

आणि सगळी थांबली.